अण्णा, येझदीचा धूर थांबला

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

बाबांची येझदी मोटरसायकल पडवीतून परत रस्त्यावर आली ती तुमच्यामुळे. समोर सांगायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमक्ष लिहितोय.

येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. त्यानंतर या गाड्या टिकल्या त्या जाणत्या मिस्त्रींच्या जिवावर. आमची गाडी पांढरा धूर ओकायची. ज्याने पाहिली त्याने हेच सांगितलं, ब्लॉक बोअर करा (म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करा), पिस्टन बदला. मीही ब्लॉक काढायच्या तयारीत होतो. तुम्ही सायलेन्सरपाशी वाकून वास घेतलात आणि विचारलंत, "गिअर ऑइल कमी होता काय?"

होत होतं, आणि खाली थेंबही सांडत नव्हता. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा (क्रँक) असतो त्या खालच्या पेटीत, ओढली जाते. क्लचकडचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं की त्यासोबत गिअर ऑइलही आत जातं आणि जळतं. सिलिंडरचा 65 मिलिमीटरचा मूळ बोअर धड होता, एक ओरखडा नाही. तो तुम्ही वाचवलात. याचे आभार सगळ्यात आधी.

पण खाऱ्या हवेने क्रँकची बेअरिंगंही खाल्ली होती, त्यामुळे इंजिन पूर्ण उघडणं आलंच. तेव्हा दिवस कुठले? मासेमारी बंदी 31 जुलैला उठते, त्याआधी वेंगुर्ला बंदरातल्या प्रत्येकाला आपल्या होडीचं इंजिन तुमच्याकडून तयार हवं असतं. त्या गडबडीत तुम्ही आमचा क्रँक लेथवर चढवलात, डायल गेजचा (दांडा किती डगमगतो ते दाखवणाऱ्या मापकाचा) काटा स्थिर होईपर्यंत सेंटरला आणलात. बाकीचं काम मात्र स्वतःकडे घेतलं नाहीत. "घराकडेच खोल, म्हणजे तुका कळतला."

बेअरिंग इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बसेना तेव्हा मी फोन केला. "हातोडो नको, धग दी." आईच्या गॅसवर केस तापवली. तुम्ही सांगितलं तसं पाणी शिंपडलं, थेंब तडतडून उडाला, आणि बेअरिंग नुसतं वर ठेवताच आपल्या वजनाने खाली जाऊन बसलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं हे शाळेत शिकलो होतो. हाताला कळलं ते त्या संध्याकाळी. आईही बघत उभी होती.

रिंगा चढवताना त्यांची तोंडं पिस्टनच्या खुंट्यांवरच आली पाहिजेत, नाहीतर पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत, अडकून तुटतात, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. असं सांगणारं माणूस भेटायला भाग्य लागतं.

गेल्या आठवड्यात सावंतवाडीमार्गे आंबोली चढून आलो. घाटात कुठे दम टाकला नाही. घरी आल्यावर गिअर ऑइल तपासलं, पातळी होती तिथेच आहे. धूरही नाही. तुम्ही हेच आधी विचाराल म्हणून कळवलं.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, पण चतुर्थीला जेवायला यायचंच. बाबा स्वतः तुम्हाला न्यायला येणार आहेत, येझदीवरून.

आपला,
पडवीतला येझदीवाला