नियुक्तीपत्रावरचे नाव

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परवा ताटावरून उठलीस आणि पहाटेच्या गाडीने निघून गेलीस, त्यामुळे सांगायचे ते राहून गेले. फोनवर आपले पुन्हा तेच होईल, म्हणून लिहितो आहे. झीच्या मराठी वाहिनीत कथाविभागात तुला काम मिळाले याचा मला फार अभिमान वाटतो, हे सर्वांत आधी. 1999 मध्ये ही वाहिनी अल्फा मराठी या नावाने सुरू झाली तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता. पुढे तू आजीच्या मांडीवर बसून तिच्या मालिका पाहिल्यास आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पुढचे भाग स्वतःच रचून तिला ऐकवलेस. ती म्हणे, ही पोरगी लिहिणार.

तुझ्या लिहिण्याविषयी मला शंका नाही. माझी काळजी वेगळी आहे, आणि आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाला ती टाळता येत नाही. झीचे संस्थापक सुभाष चंद्र हे हिसारच्या धान्यव्यापारी घरातले. टूथपेस्टच्या ट्यूब बनवण्याचा कारखाना, गोराईचे एस्सेलवर्ल्ड, मग 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही. त्यानंतर केबल, डिश टीव्ही, वृत्तवाहिन्या, डीएनए हे वृत्तपत्र, आणि या सगळ्याच्या पलीकडे रस्ते आणि इतर पायाभूत सुविधांची कामे. दूरदर्शनखेरीज हिंदीत काही नसलेल्या देशात खासगी हिंदी वाहिनी काढणे हे मोठेच धाडस होते, आणि ते मी मनापासून मानतो. पण त्या पलीकडच्या कामांसाठी जे कर्ज उभे राहिले, त्याला तारण होते ते वाहिन्यांच्या कंपनीचे शेअर. तारण शेअरचा भाव पडला की सावकार आणखी तारण मागतो, नाहीतर शेअर विकून मोकळा होतो. जानेवारी 2019 मध्ये नेमके हेच संकट आले. चंद्र यांनी जाहीर पत्र लिहून कर्जदात्यांची माफी मागितली. पायाभूत सुविधांतले अंदाज चुकल्याचे आणि व्हिडिओकॉनकडून डीटूएच ही डिश सेवा घेणे महागात पडल्याचे त्यांनी त्यात कबूल केले. वाहिन्यांचा धंदा त्या वर्षीही नफ्यात होता, हे तू विशेष लक्षात घे. तरीही चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला प्रवर्तकांचा, म्हणजे चंद्र घराण्याचा, हिस्सा पुढे चार टक्क्यांवर आला.

मग सोनीबरोबरचे विलीनीकरण. 2021 मध्ये त्याची घोषणा झाली, दोन वर्षांहून अधिक काळ सगळे त्या वाटेकडे डोळे लावून बसले, आणि नव्या कंपनीचे नेतृत्व कोणी करायचे हा वाद न मिटल्याने जानेवारी 2024 मध्ये ते मोडले. त्यानंतर काही महिन्यांतच पंधरा टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाअखेर रिलायन्स आणि डिस्नेचे भारतातले व्यवसाय एकत्र झाले, म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धी आणखी बलाढ्य झाला. कमी केलेल्या त्या माणसांत चांगले लिहिणारे कोणी नसेल का?

हे पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. तुझी आई आतून तेच म्हणते आहे.

पण तुझे कार्यालय लोअर परळला, ना. म. जोशी मार्गावर आहे हे ऐकल्यापासून मला तुझ्या आजोबांची, आप्पांची, आठवण पाठ सोडत नाही. तेव्हाचा तो डिलाइल रोड. आप्पा तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, आणि त्यांच्या साच्यावरच्या कापडात कधी खोट निघाली नाही. 1982 चा संप लांबला, गिरणी उघडलीच नाही, आणि आम्ही बिऱ्हाड उचलून गावी आलो. पुढे कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला मोल आले. आप्पा शेवटपर्यंत विचारत, की माझे काम तर चांगले होते ना? त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि तोच प्रश्न उद्या तू मला विचारू नयेस एवढेच मला वाटते. तू भित्री व्हावीस असे मात्र मुळीच वाटत नाही. आप्पांना तुझा पत्ता कळता तर ते चाळभर सांगत फिरले असते.

आता एक काम कर. नियुक्तीपत्रावर कंपनीचे पूर्ण नाव काय आहे ते पाहून मला कळव. झी म्हणजे एकच कंपनी असे समजू नकोस. 2006 मध्ये मूळ कंपनीतून बातम्या, केबल आणि डिश वेगळे काढले गेले. झी मराठीही तेव्हा बातम्यांच्या कंपनीकडे गेली आणि 2010 मध्ये मनोरंजनाच्या कंपनीत परतली. पगार कोणाकडून येणार, भविष्य निर्वाह निधी कापला जाणार की वर्षभराचा करार आहे, आणि सोडायचे झाल्यास नोटीस किती दिवसांची, हे चार ओळींत लिही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत हप्त्यावर काही घेऊ नकोस. मालिका बंद झाली तरी तुझे लिहिणे बंद पडू नये, इतकी तरतूद पुरे.

पुन्हा तिथेच आलो. असो. तुझ्या मालिकेची वेळ ठरली की आधी आईला कळव. आजी गेल्यापासून आपण मराठी वाहिन्यांचे पॅकेज घेत नव्हतो. मी आजच केबलवाल्याला सांगून ते पुढल्या महिन्यापासून पुन्हा सुरू करायला लावले आहे.

तुझा,
बाबा