छातीवर बांधायचं रिव्हॉल्व्हर

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दादाने माझा फोटो दाखवला आणि त्यानंतरच्या फोनवर आई, तू फक्त "जेवलीस का" एवढंच विचारलंस. बाबा तर फोनवर आलेच नाहीत. म्हणून हे पत्र. फोन मध्येच तुटतो, आणि हा विषय अर्धवट सांगून सोडण्यासारखा नाही. फोटोत माझ्या छातीवर पट्ट्याने बांधलेलं रिव्हॉल्व्हर माझंच आहे. रीतसर घेतलंय, आणि या मोसमापासून कामावर असताना ते माझ्या अंगावर असतं. ते का घेतलं आणि एवढं आखूड का करून घेतलं, ते सगळं लिहिते.

काम तुम्हाला माहीत आहे: ओढ्यांमधले सालमन मोजायचे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत समुद्रातले मासे अंडी घालायला ओढ्यांत चढतात, आणि आम्ही छातीपर्यंतचे रबरी वेडर घालून पाण्यातून वर वर चालत जातो. अलास्कातल्या या जुनो शहरातून बाहेर जाणारा रस्ताच नाही. बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं. माझे बरेचसे ओढे अ‍ॅडमिरल्टी बेटावर आहेत. या बेटावर अंदाजे सोळाशे तपकिरी अस्वलं आहेत, म्हणजे साधारण चौरस मैलाला एक. आणि मासे चढतात त्या दिवसांत ती चौरस मैलांवर पसरलेली नसतात, ओढ्यांवर जमलेली असतात. आम्ही जिथे मोजतो तिथेच ती जेवतात.

आई, अस्वल माणसाच्या मागावर असतं असं मनातून काढून टाक. बहुतेक वेळा ते आपली चाहूल लागली की निघून जातं. अडचण होते ती अचानक समोरासमोर आल्यावर. ओढा खळाळत असतो, वाऱ्याची दिशा उलटी असते, दोन्ही काठांवर डोक्याच्या वर वाढलेली काटेरी झुडपं, आणि वळणापलीकडे पिल्लांसकट मादी. म्हणून आम्ही दोघं-दोघं चालतो आणि वळणावर मोठ्याने बोलतो. मी तर मराठीतच बोलते, माझ्या जोडीदारणीलाही आता "ए अस्वला, बाजूला हो" म्हणता येतं.

आणि पहिला हात बंदुकीकडे जात नाही, मिरचीच्या फवाऱ्याकडे जातो. कमरेला त्याचा डबा असतो, आठ-नऊ मीटरपर्यंत ढग उडवतो. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने ९२ टक्के वेळा काम झालं होतं. मग २०१२ साली त्यांनी बंदुकांच्या घटना तपासल्या. त्यात हातातल्या छोट्या बंदुकांचा आकडा ८४ टक्के निघाला, लांब बंदुकांचा त्याहूनही कमी, ७६. बंदूक जवळ असूनही उपयोग झाला नाही अशा घटनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं कारण होतं, वेळच मिळाला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मग फवारा असताना रिव्हॉल्व्हर कशाला? कारण फवारा वाऱ्यावर अवलंबून असतो, इथला पाऊस आपल्या कोकणापेक्षा कमी असला तरी दिवसचे दिवस थांबत नाही, आणि डबा एकदा रिकामा झाला की झाला. दुसरी फळी हवी. आजवर ती फळी म्हणजे आमच्या तुकडीची एक लांब बंदूक होती. ती जोडीतल्या एकीच्या खांद्यावर असायची. पण हातात मोजणीयंत्र, वही, काठी. डोळ्यांवर पाण्याखालचं बघायचे चष्मे. आणि पाय निसरड्या गोट्यांवर. खांद्यावरची बंदूक फांदीत अडकते, म्हणून ती काठावर टेकून ठेवली जाते, आणि मग माणूस ओढ्यात पन्नास पावलं पुढे गेलेला असतो. बाबा, तुम्ही सकाळी कमरेच्या आकडीत कोयता अडकवता तो संध्याकाळीच निघतो, म्हणूनच तो वेळेला हाताशी असतो. मला असंच अंगावर राहणारं हत्यार हवं होतं.

दुकानात मिळालं ते रूगर कंपनीचं जुनं रेडहॉक, पॉइंट ४४ मॅग्नम काडतुसाचं. हे मॉडेल १९७९ पासूनचं. सगळं स्टेनलेस स्टीलचं, त्यामुळे खाऱ्या हवेत टिकणारं. कोणीतरी शिकारीसाठी वापरलेलं होतं: नळी साडेसात इंच, टोकापासून मुठीपर्यंत तेरा इंच लांब, वजन दीड किलोच्या वर. वेडरवर छातीपट्ट्यात घातलं तर त्याचं एक टोक काखेत आणि दुसरं बरगडीत. खाली वाकून पाण्यातला मासा उचलायचा तर अशक्यच. कंपनी आखूड रेडहॉकही बनवते, आणि २००५ पासून अडीच इंची नळीचं अलास्कन नावाचं मॉडेलही मिळतं. पण अडीच इंच मला नको होतं. नळी जितकी छोटी तितका आवाज मोठा, धक्का मोठा आणि नेम धरायला लांबी कमी. शिवाय या जुन्याचं यंत्र उत्तम स्थितीत होतं. म्हणून हेच घेतलं आणि इथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे कापायला दिलं.

बाबा, आता पुढचं तुमच्यासाठी. तुम्ही उमेदीची वर्षं लेथवर काढलीत, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळेल.

नळी चार इंचांवर कापली. करवतीने कापणं हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम त्यानंतरचं. नळी लेथवर आतल्या छिद्राच्या मध्यावरून धरावी लागते, बाहेरच्या गोलाईवरून नाही, कारण दोन्ही मध्य जुळतातच असं नाही. मग तोंड काटकोनात सपाट करायचं, आणि छिद्राच्या कडेला आतल्या बाजूला बारीकशी उतरती कड काढायची. या कडेला इथे क्राउन म्हणतात. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी मागचा वायू या कडेवरून बाहेर फुटतो. कड एका बाजूला केसभर जरी जास्त घासली गेली तरी वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का बसतो. कारागिरांनी मला भिंग दिलं आणि दिव्याखाली बघायला लावलं. नळीतल्या पिळाची प्रत्येक खाच त्या कडेपाशी एकसारखी, चकचकीत संपत होती, कुठे कंगोरा नाही. तुम्ही असता तर तुम्ही पहिल्यांदा बोटाचं नख फिरवून पाहिलं असतं. मीही तेच केलं.

नळी कापली की पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, तीही जाते, म्हणून वरच्या पट्टीत नवी खाच पाडून नवी माशी बसवली. ती मुद्दाम गरजेपेक्षा उंच ठेवली. माशी उंच असली की गोळी खाली लागते. मग रेंजवर माझ्याच हाताने, मी वापरणार तीच काडतुसं झाडायची आणि कानशीने थोडी थोडी माशी उतरवत जायचं, मी जिथे नेम धरते तिथेच गोळी लागेपर्यंत. कमी करता येते, वाढवता येत नाही. एक संपूर्ण दुपार त्यात गेली आणि ते एकदाही वैतागले नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. मुठीच्या खालचा मागचा कोपरा गोल केला, कारण तोच रेनकोटमध्ये अडकतो, आणि लाकडी दस्त्याच्या जागी रबरी बसवला. सगळ्या धारदार कडा मोडल्या. घोड्याचं वरचं शेपूट काढलं. त्यामुळे आता अंगठ्याने घोडा चढवता येत नाही, प्रत्येक वेळी चाप पूर्ण लांब ओढावाच लागतो. हात थरथरत असताना हलक्या स्पर्शाने गोळी सुटू नये म्हणून मला हेच हवं होतं. आतले घासणारे भाग गुळगुळीत केले, पण स्प्रिंग हलकी करायला मी नाही म्हटलं. या मॉडेलमध्ये चाप आणि घोडा दोन्ही एकाच स्प्रिंगवर चालतात. ती नरम केली की चाप मऊ लागतो खरा, पण घोड्याचा ठोका कमजोर होतो आणि काडतूस पेटेलच याची खात्री राहत नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाला मऊ चाप आवडतो. मला सहाही वेळा पेटणारा हवा. शेवटी सगळ्याला मॅट फिनिश दिलं, लखलखाट जाण्यासाठी. आता ते साडेनऊ इंच लांब आहे आणि तेराशे ग्रॅमच्या आसपास. छातीवर आडवं बसतं, वाकता येतं, वर दप्तराचा पट्टाही येतो.

त्या कारागिरांकडून एक जुनी गोष्टही कळली. कोल्ट कंपनीतले जॉन हेन्री फिट्झजेराल्ड शंभर वर्षांपूर्वी रिव्हॉल्व्हर कापून खिशात मावतील असे करायचे, आणि बोट चटकन चापावर जावं म्हणून चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागच काढून टाकायचे. काम देखणं असेल, पण मला ते पटत नाही. माझ्यासारखी झुडपातून रांगणारी बाई असं हत्यार घेऊन फिरू लागली तर एखादी फांदीच चाप ओढेल. माझं कडं शाबूत आहे.

काडतुसंही तुम्ही विचाराल. पॉइंट ४४ मॅग्नम बाजारात आलं १९५५-५६ च्या सुमारास. आयडाहोमधल्या एल्मर कीथ नावाच्या गुरंपाळ-शिकाऱ्याने त्याआधी कित्येक वर्षं पॉइंट ४४ स्पेशल या जुन्या काडतुसात जड गोळ्या भरून प्रयोग केले होते, त्यातून ते जन्मलं. मी वापरते ती गोळी कडक शिशाची, सपाट नाकाची, तीनशे ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, जाडी जवळपास अकरा मिलिमीटर. ती फुलत नाही, हाड फोडून आत जाते. आखूड नळीने वेग थोडा कमी होतो, पण जड गोळीला तो तोटा जाणवत नाही. सरावाला मात्र मी पॉइंट ४४ स्पेशलच वापरते. ती त्याच घरात बसतात, धक्का कमी, मनगट शाबूत. सराव दर आठवड्याला असतो, मोसम नसतानाही. छातीपट्ट्यातून काढणं, वेडर आणि हातमोजे घालून, कानांना बोळे लावून. आणि त्याच्या दुप्पट सराव फवाऱ्याच्या रिकाम्या डब्याचा.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक पट्टी असते, ती चाप पूर्ण ओढल्याशिवाय वर येतच नाही. हे गोट्यावर आपटलं, मी त्याच्यावर पडले, तरी गोळी सुटत नाही. घरी ते रिकामं करून लोखंडी पेटीत जातं, काडतुसं वेगळ्या खोलीत. दुसरं, कायद्याचं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, इथे बंदूक बाळगता येत नाही. म्हणूनच ग्रीन कार्ड येईपर्यंत मी या विषयाला हातही लावला नव्हता. दुकानात सरकारी फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, मग हातात मिळालं. आणि समजा कधी जीव वाचवायला अस्वलावर गोळी झाडावीच लागली, तर त्याचं कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करायची, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. त्या प्राण्याच्या ओढ्यात पाहुणी मी आहे. तशी वेळ येऊ नये म्हणूनच तर आम्ही ओरडत चालतो.

आता मला तुमच्याकडे एक मागायचं आहे, बाबा. तुम्ही रागवाल, तरी लिहिते.

आजोबांची ठासणीची बंदूक अजून तुमच्या नावावर आहे. रानडुकरं भात लोळवतात, माकडं नारळ सोडत नाहीत, शेतीसंरक्षणाचा परवाना त्यासाठीच आहे, हे मला मान्य आहे. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुमच्या उजव्या डोळ्याला संध्याकाळचं नीट दिसत नाही, आणि हात किती थरथरतो ते मी गणपतीत पाहिलं. आरतीचं तबक दादाने हातातून घेतलं होतं. ठासणीची दारू भरायला, गज मारायला, टोपी बसवायला स्थिर हात लागतो. माझ्या साडेनऊ इंचाच्या हत्यारात पट्ट्या आहेत, स्प्रिंगा आहेत. आजोबांच्या बंदुकीत असलं काहीच नाही, तिला फक्त तुमचा हात सांभाळतो. आणि बाबा, पावसाळ्यात ती भरून कोपऱ्यात उभी करून ठेवू नका. दादाची मुलं आता त्या खोलीत खेळतात.

सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला वारसाच्या नावावर परवाना करून देता येतो. दादाशी मी बोलले आहे, तो तयार आहे. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो, त्यामुळे त्यालाही दरवर्षी खेपा घालाव्या लागणार नाहीत. बंदूक घरातच राहील, भिंतीवर त्याच खुंटीला. पहिल्यांदा रान राखायला तो जाईल तेव्हा तुम्ही सोबत जा, कुठल्या बांधावर बसायचं ते त्याला दाखवा. ते त्याला कुणी दुसरं शिकवू शकणार नाही.

येत्या निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला जाल, तेव्हाच दादाला बरोबर न्या आणि अर्जाचं विचारून या. जुन्या परवान्याची वही आईच्या ट्रंकेत, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टच्या खाली आहे. आधारकार्डांच्या प्रती मी दादाला पाठवून ठेवल्या आहेत.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग. पुढच्या रविवारी फोन करते, आणि बाबांना फोनवर यायला सांग.

तुमची,
वैजू