विमानासाठी तेल हवंय ना? मग तालुक्यात या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी २०२५च्या ऑगस्टमध्ये आली. वर्षाला ३५ हजार टन बनवायचं उद्दिष्ट आहे म्हणे. मी सांगलीत फरसाणचा कारखाना चालवतो, म्हणजे त्यांना लागणारा कच्चा माल माझ्याकडे रोज तयार होतो. (आमच्याकडे विमान उतरत नाही, कवलापूरच्या विमानतळाची वाट बघणं चालूच आहे, ते सोडा.)

शेव-पापडीचे घाणे निघत गेले की तेल काळपडतं, दाटतं, कढईच्या कडेनं फेस धरतं. तेलातले पोलर घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्यानं तेल बिघडून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरायचं नाही, आणि दिवसाला ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची, असा नियम आहे. वही आम्ही ठेवतो. पण बाद झालेलं तेल द्यायचं कुणाला? एका गोळा करणाऱ्या कंपनीला फोन केला, तर एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवणं परवडत नाही म्हणाले. संध्याकाळी मात्र कुणीतरी डबे घेऊन दारात हजर असतो, रोख देतो, पावती देत नाही. ते तेल पुढे कुठल्या गाड्यावरच्या कढईत जातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

विमानातून धूर निघायचा तो निघणारच. पण या तेलातला कार्बन पिकानं हवेतूनच घेतलेला असतो, जमिनीतून नव्यानं उपसलेला नसतो. म्हणून सगळा हिशेब मांडला तर उत्सर्जन साध्या इंधनापेक्षा सुमारे ८० टक्के कमी भरतं. सरकारनं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी असं इंधन २०२७ला १ टक्का, २०२८ला २ आणि २०३०ला ५ टक्के मिसळायचं ठरवलंय. युरोपनं २०२५पासूनच २ टक्के सक्तीचे केले. इथेनॉलचाही मार्ग आहे. पुण्याच्या प्राज कंपनीनं त्यापासून बनवलेलं इंधन घालून २०२३च्या मे महिन्यात पुणे-दिल्ली विमान उडालं. पण उसाला लागणारं पाणी आम्ही सांगलीकर रोज बघतो. आमचं तेल तर वापरून झालेलंच असतं.

माझी मागणी साधी आहे. तेल कंपन्यांचे पंप प्रत्येक तालुक्यात आहेत. तिथं आठवड्यातून एक दिवस वापरलेलं तेल घ्या, वजन करा, छापील पावती द्या आणि पैसे खात्यावर टाका. ती पावती अन्न व औषध प्रशासनानं आमच्या वहीला पुरावा म्हणून धरावी.

एक काळजी मात्र आधीच घ्यायला हवी. भाव ताज्या पामतेलाच्या वर गेला, तर नवंच तेल 'वापरलेलं' म्हणून खपवणारे निघतील. युरोपात बाहेरून येणाऱ्या मालाबद्दल हाच संशय आहे. त्यामुळे डबा घेतानाच तपासणी व्हावी, आणि कुणी किती तेल विकत घेतलं, त्यातलं किती परत दिलं, याचा मेळ बसतो का ते बघावं. आमच्या वह्या त्यासाठी उघड्या आहेत. हॉटेलांच्या मोठ्या साखळ्यांपुरतीच ही योजना ठेवली, तर तालुक्यातलं तेल संध्याकाळच्या त्या डबेवाल्याकडेच जात राहील.

आपला,
एक फरसाण उत्पादक, सांगली