ड्रॉवर उघडून दाखवा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चात घर कसं सजवायचं यावर लेख येतात, ते मी आवडीने वाचते. फोटोही झकास असतात. पण परवाच्या अंकात ड्रेसरवर, म्हणजे कपडे ठेवायच्या ड्रॉवरवाल्या कपाटावर, अख्खं पान होतं आणि त्यातल्या एकाही फोटोत एकही ड्रॉवर उघडा नव्हता हो! सगळी कपाटं समोरून, बंद, वर फुलदाणी, आणि खाली लिहिलंय 'बजेटमध्ये बसणारे स्टायलिश पर्याय'. स्टायलिश आहेत, मान्य. पण टिकणार किती हे समोरून कसं कळणार? रोज दहादा ओढली-ढकलली जाणारी वस्तू आहे ती, आणि ज्याचं बजेट बेताचं आहे त्यालाच ती पुन्हा पुन्हा घेणं परवडत नाही.

माझा काही हा धंदा नाही, पण नात्यात कोणाला फर्निचर घ्यायचं असलं की मला सोबत नेतात, त्यामुळे बघून बघून काही गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्यात. दुकानात गेले की मी पहिल्यांदा सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायला लावते. सेल्समनचा चेहरा पडतो, पडू दे. ड्रॉवर उलटा करायचा आणि तळ बघायचा. स्वस्त मालात बहुतेक वेळा तीनेक मिलीमीटरची हार्डबोर्डची पातळ शीट असते आणि ती खालून नुसत्या पिना मारून चिकटवलेली असते, म्हणजे कपड्यांचं सगळं वजन त्या पिनांना खाली ओढत राहणार आणि एक दिवस तळ सुटणार. त्याऐवजी बाजूच्या पट्ट्यांना खाच पाडून त्यात तळ बसवलेला असेल तर तो सहजासहजी निघत नाही. मग मधोमध तळहाताने दाबून बघा. रिकामा असतानाच दबतोय तर जीन्स आणि चादरी भरल्यावर त्याला पोट सुटणार आणि ते खालच्या ड्रॉवरमधल्या कपड्यांवर घासत बसणार. सहा मिलीमीटरचा तळ मिळाला तर उत्तमच.

तळ झाला की कोपरे. ओढताना सगळा जोर पुढच्या फळीवर येतो, त्यामुळे ती बाजूच्या पट्ट्यांना कशी जोडलीय ते महत्त्वाचं. नुसता गम आणि पिना असतील तर मी तिथूनच परत फिरते. लाकडी खुंट्या म्हणजे डोवेल, नाहीतर नीट स्क्रू, नाहीतर एकात एक अडकवलेला डव्हटेलचा सांधा, यातलं काहीतरी हवं. आणि चार बाजूंची पेटी वेगळी करून वर दर्शनी फळी स्क्रूने लावलेली असली तर फारच छान, कारण पुढे कंटाळा आला तर नुसती दर्शनी फळी बदलता येते.

चॅनेलचं तर विचारूच नका. ड्रेसर चालतो तो चॅनेलवर, म्हणजे ड्रॉवर ज्यावर आत-बाहेर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्यांवर. स्वस्तात प्लास्टिकच्या चाकांचे रोलरवाले देतात, हलक्या सामानाला चालतात, पण ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही आणि मागचे मोजे कायम मागेच राहतात. बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक, म्हणजे बारीक गोळ्यांवर एकातून एक बाहेर सरकणारे चॅनेल असतील तर बघा, साधारण 45 मिलीमीटर उंचीची जोडी बऱ्याचदा 35 ते 45 किलो वजन पेलेल अशी सांगितलेली असते, आणि घरच्या कपड्यांना त्याहून जास्त काय लागणार? पूर्ण उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा, खडखड नको. सॉफ्ट क्लोज, म्हणजे ड्रॉवर न आपटता हळूच बंद होणं, असलं तर बरं, पण त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. हे चॅनेल ठरलेल्या लांबीत मिळतात आणि बाजूला दोन्हीकडे साधारण साडेबारा-तेरा मिलीमीटर जागा धरलेली असते, त्यामुळे खराब झाले तर तेवढेच बदलता येतात, अख्खा ड्रेसर फेकायची गरज नाही. जुन्या पद्धतीचा, लाकडी पट्ट्यांवर सरकणारा ड्रॉवर अडकत असेल तर त्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, चकटफू उपाय आहे.

आता मटेरियल. यावर लोक उगाच भांडतात. पार्टिकल बोर्ड म्हटलं की नाकं मुरडतात आणि सॉलिड वूड म्हटलं की डोळे मिटून घेतात. बेताच्या बजेटमध्ये पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफच मिळणार, आणि ते वाईटच असं काही नाही, फक्त त्यांचे दोन शत्रू आहेत, पाणी आणि स्क्रूचं सारखं काढ-घाल. लाकडाचा भुसा-तुकडे आणि रेझिन दाबून केलेला बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. म्हणून समोरच्या कडांपेक्षा खालची आणि मागची कड बघायची, तिथे एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावलंय की बोर्ड उघडाच सोडलाय. फरशी पुसताना पाणी लागतं ते तिथेच! थोडे उंच पाय असलेला ड्रेसर घेतला तर तोही प्रश्न मिटतो आणि खालचा केरही निघतो. आणि घर वरचेवर बदलत असाल तर दर वेळी सुटा करून जोडायचा मॉडेल घेऊ नका, दोन-तीनदा उघडला की आटे जातात आणि स्क्रू नुसते गरगर फिरतात. तसं झालंच तर भोकात गम लावून लाकडी खुंटी ठोका, वाळू द्या, आणि मग त्यात नवीन छिद्र पाडून स्क्रू घ्या, पकड येते.

प्लायवूडमध्ये स्क्रू जास्त चांगला धरतो, मिळालं तर घ्याच. सॉलिड वूड टिकतं यात वाद नाही पण दमट हवेत लाकूड फुगतं आणि ड्रॉवर अडकतात, तेही माहीत असू द्या. शिवाय 'सॉलिड वूड' लिहिलेल्या मालात कधी कधी नुसते पायच सॉलिड असतात. वरच्या फळीची आडवी कड बघा, लाकडाच्या वरच्या रेषा तिथे खाली उतरलेल्या दिसतात का. रेषा कडेवर तुटत असतील तर वरून विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, किंवा छापील कागद आहे. विनियर असलं तरी हरकत नाही, फक्त पैसे विनियरचे द्या.

एक गोष्ट कोणीच बघत नाही ती म्हणजे पाठ. मागची पातळ शीट शोभेची नसते, तीच सगळा सांगाडा काटकोनात धरून ठेवते. वरच्या कोपऱ्याला हात लावून आडवं ढकला, डुलला तर घेऊ नका. घरी जोडताना पाठ ठोकायच्या आधी दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले तरच खिळे मारायचे, नाहीतर ड्रॉवर वाकडे बसणार आणि शिव्या कंपनीला.

आणि स्टाइल? ती खरंच स्वस्तात होते, म्हणून तर म्हणते पैसे आत घाला. साधा, सरळ रेषांचा ड्रेसर घ्या आणि हँडल बदला. आधी जुन्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, बऱ्याचदा 96 किंवा 128 मिलीमीटर निघतं, त्याच मापाचं नवीन घेतलं की नवी भोकं पाडावी लागत नाहीत. रंग बदलायचा असेल तर लॅमिनेटवर आधी चिकटून बसणारा, बाँडिंगवाला प्रायमर हवाच, नाहीतर रंगाचे पापुद्रे नखाने निघतात. चकचकीत ग्लॉसी फिनिश मला स्वतःला आवडत नाही, बोटांचे ठसे पुसण्यातच जन्म जातो.

सेकंडहँड घ्यायला लाजू नका. जुना दणकट सांगाडा नव्या पातळ मालापेक्षा कितीतरी बरा. फक्त ड्रॉवर काढून आत टॉर्च मारा, बारीक भोकं आणि पिठासारखी पूड दिसली तर कीड लागलीय, राम राम करून निघा. कुबट वास सहजी जात नाही. आणि खूप जुना रंगवलेला असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

मुलांवरून सगळ्यात गंभीर मुद्दा, जो तुमच्या लेखात एका ओळीचाही नव्हता. मूल ड्रॉवर उघडून त्यावर पायऱ्यांसारखं चढतं आणि अख्खा ड्रेसर अंगावर येतो. मुलं दगावलीत अशाने. 2016 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने एकट्या अमेरिकेत जवळपास 2 कोटी 90 लाख ड्रेसर आणि ड्रॉवरची कपाटं याच कारणाने परत मागवली होती. नंतर तिथे कायदा झाला आणि 2023 पासून ड्रॉवर भरलेले, एकापेक्षा जास्त उघडे, वर मुलाचं वजन, अशा अवस्थेत कपाट कलंडतं का याची चाचणी सक्तीची झाली. आपल्या हातात आहे ते एवढंच की पट्टी किंवा ब्रॅकेटने ड्रेसर भिंतीला बांधायचा, जड कपडे खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि वर टीव्ही ठेवायचा नाही. कपाट ठेंगणं आहे म्हणून बांधायचं टाळू नका.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक फोटोखाली बॉडी कशाची, ड्रॉवरचा तळ किती जाड, चॅनेल कुठला, आणि भिंतीला लावायचं ब्रॅकेट सोबत मिळतं का, एवढं छापा. आणि एखादा ड्रॉवर उघडून फोटो काढा. कंपन्या तुम्हाला हे सांगतील. आम्ही विचारलं की 'मॅडम, इंजिनिअर्ड वूड आहे' एवढंच उत्तर मिळतं, म्हणजे पार्टिकल बोर्ड, एमडीएफ की प्लायवूड ते कळतच नाही.

आपली,
एक नियमित वाचक