दाखल्यावर क्लिंकरचा एसओ३ लिहायला लावा: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सरकारी कामावर सिमेंटबरोबर जो चाचणी दाखला येतो, त्यात गंधकाचा एकच आकडा असतो: एकूण एसओ३ (सल्फर ट्रायऑक्साइड, गंधक मोजायचं रूप). साध्या सिमेंटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २६९) तो ३.५ टक्क्यांच्या आत असला की माल उतरवून घेतात. त्यातला जिप्समचा (सिमेंट लगेच आवळू नये म्हणून दळताना घालतात ते खनिज) किती आणि क्लिंकरचा (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) किती, हे कुणी विचारत नाही. काँक्रीट कसं वागणार ते मात्र यावरच ठरतं.

हिशेब सोपा आहे. एक किलो क्लिंकर भाजायला साधारण ७३० किलोकॅलरी लागतात. किलोमागे ८,००० किलोकॅलरीचा, ६ टक्के गंधकाचा पेटकोक (तेलशुद्धीकरणात उरणारं कोळशासारखं इंधन) वापरला तर ९१ ग्रॅम जळतो आणि साडेपाच ग्रॅम गंधक देतो. एसओ३ मध्ये मोजलं तर क्लिंकरच्या जवळपास १.४ टक्के. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरेतल्या पेटकोकबंदीतून सिमेंट भट्ट्या वगळल्या, कारण भट्टीतला चुना गंधक धरून ठेवतो. हवेच्या दृष्टीने ते योग्यच. पण धुराड्यातून गेलं नाही ते क्लिंकरमध्ये राहिलं.

जोडीला पुरेशी अल्कली (सोडियम-पोटॅशियमचे क्षार) असेल तर ते अल्कली सल्फेट होऊन क्लिंकरबरोबर मुकाट बाहेर पडतं. ती कमी पडली की गंधक भट्टीतच फिरत राहतं, भट्टीतून वर जाणाऱ्या वायूच्या रायझर डक्टमध्ये थर चढतात, कच्चा माल तापवणारे सायक्लोन चोक होतात. क्लिंकरमध्ये उरलेलं बरंचसं पाण्यात सावकाश विरघळतं.

आता ८० टक्के शुद्धतेचं जिप्सम ५ टक्के घातलं तर त्याचाच एसओ३ १.८६ टक्के होतो. कच्च्या मालातलं गंधक धरून क्लिंकर १.८ वर गेला असेल, तर सिमेंटमधल्या ९५ टक्के क्लिंकरचे १.७१ मिळून बेरीज ३.५७. मर्यादा ओलांडली! मग जिप्सम कमी केलं जातं. सी-थ्री-ए ला (क्लिंकरमधलं पाण्याशी सर्वांत झपाट्याने गुंतणारं संयुग) आवरायला पहिल्या काही मिनिटांत विरघळणारं सल्फेट लागतं, आणि नेमकं तेच घटतं. मग सिमेंट वेळेआधी आवळतं.

दाखल्यावर हे दिसत नाही, कारण सेटिंगची (सिमेंट आवळण्याच्या वेळेची) चाचणी २७ अंशांना, ॲडमिक्स्चरशिवाय (मिक्समध्ये घालायच्या रसायनाशिवाय) होते. साइटवर मे महिन्यात ४२ अंश असतात, मिक्समध्ये पीसीई (काँक्रीट पातळ ठेवणारं ॲडमिक्स्चर) असतं, आणि ट्रान्झिट मिक्सर पोचेपर्यंत स्लम्प (काँक्रीटचा ओघळेपणा) गेलेला असतो. मग कुणीतरी बादलीभर पाणी ओततो आणि २८ दिवसांनी ताकदीच्या चाचणीत क्यूब नापास होतात. (सिमेंट दळायची मिल फार तापून जिप्सम अर्धवट भाजलं गेलं तरी सिमेंट आवळतं, पण ते गरम होत नाही, पाणी न घालता पुन्हा घोळलं की मोकळं होतं. दोन्हीत गल्लत नको.)

पीपीसीत (राख मिसळलेल्या सिमेंटात) तर राखेमुळे क्लिंकरचा वाटाच घटतो, त्यामुळे एकूण आकडा आणखी साळसूद दिसतो.

नवं यंत्र घ्यायला नको. कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्लिंकरचा एसओ३ एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर) रोज मोजला जातोच. निविदेत एवढीच अट घाला: गोणीवरच्या आठवडा क्रमांकानुसार क्लिंकरचा एसओ३, अल्कली आणि सी-थ्री-ए दाखल्यावर वेगळे लिहावेत, गोणीशिवाय येणाऱ्या खुल्या सिमेंटला हेच प्रत्येक टँकरमागे.

आपले,
सिमेंट व काँक्रीट चाचणीत काम करणारे रसायनतज्ज्ञ आणि अभियंते