ब्लॉट सुरेख आला, पण...

पुणे

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. तू रागावली असशील आणि ते रास्तच आहे. अधूनमधून पाठ धरते, बाकी प्रकृती ठीक. आज लिहायला बसले ती एका वेस्टर्न ब्लॉटमुळे, पेशींतली प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या आपल्या त्या चाचणीमुळे. तो पाहून हळहळेल असे माणूस तुझ्याखेरीज दुसरे आठवेना.

पेशींची वाढ रोखणाऱ्या इंटरफेरॉन या प्रथिनाच्या सान्निध्यात महिनोन्महिने वाढवलेल्या आपल्या एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींना मी पुन्हा गॅमा इंटरफेरॉन दिले. इंटरफेरॉनचा निरोप पेशीकेंद्रात नेणाऱ्या, फॉस्फेट जोडलेल्या स्टॅट-१ची पट्टी मूळ पेशींइतकीच ठळक उमटली. म्हणजे निरोप घेणारा रिसेप्टर जागेवर आहे, स्टॅट-१ला फॉस्फेट जोडणारे जॅक-१ आणि जॅक-२ चालू आहेत. तरीही मूळ पेशी मंदावल्या आणि या मात्र बिनदिक्कत वाढत राहिल्या. त्यांच्या फ्लास्कमधले गुलाबी मीडियम आधीसारखेच भराभर पिवळे पडले.

वसतिगृहाच्या गच्चीवर तू तावातावाने म्हणायचीस की, अशा पेशी दाद देत नाहीत कारण रिसेप्टर तरी हरवला असेल किंवा सॉक्स-१ हे प्रथिन जॅकचा गळा दाबत असेल. तसे असते तर पट्टी फिकी पडली असती, बाईसाहेब! माझा संशय तेव्हाही स्टॅट-१च्या खालच्या पायऱ्यांवर होता. स्टॅट-१मुळे आयआरएफ-१ आणि विभाजनाला लगाम घालणारे पी-२१ वाढले, तर विभाजन पुढे रेटणारे, सायक्लिनवर चालणारे कायनेज अडतात आणि पेशी डीएनए दुप्पट होण्याआधीच्या जी-१ टप्प्यातच थांबते. पण पी-२१ पुरेसे वाढलेच नाही, किंवा इस्ट्रोजेनच्या जोरावर सायक्लिन डी-१ त्याला पुरून उरले, तर निरोप पोहोचूनही अंमलबजावणी होत नाही. मीडियममधला रंग, फिनॉल रेड, इस्ट्रोजेनसारखा वागतो ही तुझी जुनी हरकत लक्षात आहे. पुढची खेप रंगहीन मीडियम आणि कोळशाने संप्रेरके काढलेले सीरम घेऊनच करते आहे. तुझे समाधान होईल, खर्च मात्र माझ्या माथी.

पण झोप उडवली आहे ती निराळ्याच गोष्टीने. सुधाताईंचे रेडिएशन सुरू आहे. त्यांनी विचारले, "तुझे ते इंटरफेरॉन मला का देत नाहीत?" १९८०च्या आसपास स्तनाच्या कर्करोगावर ते वापरून पाहिले, फारसे यश आले नाही, आणि १९८६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती एका दुर्मिळ रक्तकर्करोगासाठी, हे मी सांगितले. "म्हणजे माझाच रोग हट्टी," असे म्हणून त्यांनी चहा मागितला. त्यापुढचे माझ्याने सांगवले नाही. वाइक्सेलबाउम, मिन आणि सहकाऱ्यांचा २००८चा शोधनिबंध तुला आठवत असेल: काही गाठींमध्ये स्टॅट-१सह इंटरफेरॉनच्या हुकमतीतली जनुके सतत चालू राहतात, आणि अशा गाठी किरणांना व केमोला दाद देत नाहीत. ज्या संदेशाने वाढ थांबावी, तोच मंद आचेवर रेंगाळला की पेशींना डीएनएचे घाव सोसायला शिकवतो, असे दिसते. माझ्या हट्टी पेशीही त्याच वाटेने गेल्या आहेत का, हे रेडिएशन देऊनच कळेल, आणि ते पाहण्याचे धाडस मी गेले काही दिवस पुढे ढकलते आहे. सुधाताईंची गाठ अशा जातीची आहे का, ते त्यांच्या तपासणीच्या अहवालात नाही. मी मात्र तो पुन्हा पुन्हा वाचते.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिन्मयला दहावीच्या निकालाबद्दल शाबासकी सांग. भाऊंना नमस्कार.

पी-२१चे अँटिबॉडी फ्रीझरमध्ये उरले असेल तर बर्फात घालून पाठव. या हट्टी पेशींत पी-२१ची पट्टी फिकी निघाली, तर पैजेची हापूसची पेटी तुझ्याकडून येणे आहे.

तुझी,
वैजू