दुखत नाही, ही कृपा नव्हे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

काल रात्री दहाला पुण्यात पोचले. शिरूरला एसटी चांगली अर्धा तास खोळंबली, बाकी प्रवास ठीक. आई, डबा बसमध्येच संपला. पुढच्या वेळी ठेचा थोडा जास्त दे.

बाबा, हे पत्र खरं तर तुम्हाला आहे. फोनवर पायाचा विषय काढला की तुम्ही "हं, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. कागद असा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

नाताळात तुम्ही नवे बूट घालून तीन रात्री कॅरल पार्टीबरोबर फिरलात. करंगळीखाली फोड आला, फुटला, आणि आठ दिवस तो तुम्ही मोज्यात लपवलात. आईला कळलं ते मोजा भिजत घालताना. मी ड्रेसिंग करत होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "अगं, दुखत नाही अजिबात. प्रभूची कृपा." त्या वेळी हातात चिमटा होता म्हणून गप्प बसले. आता बोलते.

दुखत नाही, ही कृपा नव्हे बाबा. सतरा वर्षांच्या शुगरने तुमच्या तळपायाच्या नसा बधिर केल्या आहेत. मी तो नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवत होते ना, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा? डोळे मिटून तुम्ही पाच ठिकाणी "टेकव की" म्हणालात. तो टेकवलेलाच होता.

तुम्ही मिशनरी लोकांच्या गोष्टी आवडीने सांगता, म्हणून एक माझ्याकडून ऐका. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप सडून गळतात असं तेव्हा सगळे धरून चालले होते. ब्रँड यांच्या लक्षात आलं की बोटं जातात ती बहुतेक इजेमुळे. चटका बसला तरी कळत नाही, खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडायचे, तेही कळायचं नाही. म्हणून रोग्यांना मांजरं पाळायला दिली! पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं. आणि हा विश्वासी माणूस वेदनेला देवाचं दान म्हणायचा. तुमचं ते दान गेलंय. त्याच्या जागी आता डोळे वापरायचे, तुमचे नाहीतर आईचे.

त्याच रात्री तुम्ही प्रार्थनेला 147वं स्तोत्र काढलंत. तारे मोजून त्यांना नावं देणाऱ्या देवाच्या ओळीला तुमचा आवाज नेहमीसारखा चढला. पण त्याच्या आधीची ओळ तुम्ही भरभर वाचून टाकलीत. तिथे तोच देव भग्नहृदयी माणसांच्या जखमा बांधतो. आधी पट्टी, मग तारे. इतकी वर्षं नर्सिंग करून मला ती ओळ त्या दिवशी ऐकू आली, कारण माझ्या बोटांना अजून बीटाडाइनचा वास होता.

तुम्ही देवाचं सामर्थ्य म्हटलं की तांबडा समुद्र दुभंगल्याची गोष्ट सांगता. मला मात्र योहानाचा तेरावा अध्याय जवळचा वाटतो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे येशूला ठाऊक आहे, आणि त्या हातांनी तो काय करतो, तर कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. त्याला दगा देणाऱ्या यहूदाचेही. पेत्र अगदी तुमच्यासारखाच पाय मागे घेतो. नंतर मात्र म्हणतो, मग हात आणि डोकंही धू! हा पेत्र मला फार आवडतो.

तुम्ही पाय ओढून घेतलात ते लाजेने, कळतं मला. मुलीने बापाच्या पायाशी बसावं हे तुम्हाला जड जातं. पण त्याला विश्वासाचं नाव देऊ नका.

वॉर्डात पाय कापावा लागलेली माणसं मी बघते. त्यांच्याही घरी प्रार्थनेला गुडघे टेकले गेलेले असतात. देवाने ते का थांबवलं नाही, हे मला सांगता येत नाही. रात्रपाळीत कधी कधी त्याच्याशी भांडतेही. पण तो वरून नुसता बघतो, असं मला कधीच वाटलं नाही.

असो. कॉटखाली हातआरसा ठेवलाय, तळवा त्यात बघायचा. अनवाणी चालायचं नाही, मोरीतही नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी आईने कोपराने बघायचं. नवे बूट मी पिशवीत घालून घेऊन आले आहे, शोधू नका.

आणि आई, जखमेचा फोटो रविवारी उपासनेला जायच्या आधी पाठव. नंतर बाबा पाळकसाहेबांशी बोलत बसतात आणि राहून जातं.

तुमची,
बेबी